वाचक विचारतात : पूर्व युरोप मागे राहिला तो फक्त कम्युनिस्टांमुळे का?

प्रश्न : काका नमस्कार, मी रामबागेत राहतो, एमपीपीएससीची तयारी चालू आहे. क्लासमध्ये सांगतात की पोलंड, रोमानिया हे देश कम्युनिस्ट राजवटीमुळे मागे राहिले. पण मला वाटतं ते १९४५ च्या आधीपण इंग्लंड-हॉलंडच्या मागेच होते. मग खरं कारण काय?

उत्तर : शंका बरोबर आहे रे तुझी. कम्युनिस्टांनी नुकसान केलं हे खरंच, एकाच जर्मनीचे दोन भाग ४०-४१ वर्षं वेगळे राहिले आणि १९९० ला एकत्र आले तेव्हा फरक सगळ्या जगाने पाहिला. पण चर्चिलने १९४६ साली पोलादी पडद्याची, म्हणजे कम्युनिस्ट पूर्व आणि बाकी पश्चिम युरोपच्या मधली, जी रेघ सांगितली ना, वर बाल्टिक समुद्रावरच्या स्टेटिनपासून खाली एड्रियाटिकवरच्या ट्रिएस्टपर्यंत, ती नकाशावर काढ आणि मग जर्मनीतली एल्ब नदी बघ. त्या नदीच्या आसपास युरोपचे दोन तुकडे स्टालिनच्या चारशे वर्षं आधीच पडले होते.

आता जरा देपालपूरला चल. आमच्या मेहुण्यांची तिकडे शेती आहे, गव्हाच्या कापणीला मजूर मिळेना की ते दरवर्षी तेच रडगाणं गातात, दुप्पट मजुरी मागतात म्हणे, शेवटी पंजाबचं हार्वेस्टर बोलवावं लागतं. माणसं कमी झाली की मजुरी वाढते, हा हिशोब मंडीतला हम्मालपण सांगेल. पण समज, मेहुण्यांच्या हातात कोर्ट असतं, शिपाई असते आणि मजुराला गाव सोडायला बंदी घालता आली असती, तर त्यांनी मजुरी वाढवली असती का? इथेच सगळी गोष्ट आहे.

१३४७ साली काळ्या समुद्राकडून जहाजांतून प्लेग सिसिलीत उतरला आणि १३५१ पर्यंत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली, काही जण तर निम्मी म्हणतात. शेतं ओस, राबणारे हात कमी. इंग्लंडच्या जमीनदारांनी काय केलं, तर १३५१ मध्ये कायदाच आणला की मजुरी प्लेगच्या आधी होती तेवढीच घ्यायची, जास्त मागाल तर दंड. कोण ऐकतंय! शेजारच्या गावचा जमीनदारच गुपचूप जास्त पैसे देऊन माणसं पळवायचा. १३८१ मध्ये शेतकऱ्यांचं बंड झालं, त्यांचा पुढारी वॅट टायलर मारला गेला, बंड चिरडलं गेलं, तरी पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिथली भूदासांची पद्धत हळूहळू विरून गेली. भूदास म्हणजे जमिनीला बांधलेला माणूस, मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही आणि त्याच्या शेतात फुकट वेठ करायची.

एल्बच्या पूर्वेला नेमकं उलटं झालं. माणसं कमी, मग आहेत त्यांना बांधून ठेवा. पोलंडमध्ये १४९६ साली कायदा झाला की एका गावातून वर्षाला एकच शेतकरी बाहेर पडू शकतो. १५२० मध्ये आठवड्याला एक दिवस वेठ ठरली, मग ती वाढतच गेली. रशियात १४९७ ला ठरलं की मालक सोडायचा तर नोव्हेंबरात संत जॉर्जच्या सणाच्या आगेमागेचे दोन आठवडे फक्त, आणि १६४९ मध्ये तेही दार कायमचं बंद.

हे तिकडेच का झालं? माझ्या मते मुख्य गोष्ट शहरांची. पश्चिमेला माणूस पळाला तर जवळ एखादं मोठं शहर होतं, तिथे काम मिळायचं. पूर्वेला शहरं लहान आणि सरदारांनी तीही दाबून ठेवली, पोलंडच्या त्याच १४९६ च्या कायद्यात व्यापाऱ्यांना शेतजमीन घ्यायला बंदी आणि सरदारांना जकात माफ! वर धान्याला गिऱ्हाईक पक्कं. पोलंडच्या विस्तुला नदीतून धान्य डान्झिग बंदराला (आजचं ग्दान्स्क), तिथून डच जहाजांनी ॲमस्टरडॅमला. डच लोक या बाल्टिक व्यापाराला सगळ्या व्यापाराची आईच म्हणायचे. म्हणजे ॲमस्टरडॅमचा कारागीर पाव खातोय तो पोलंडच्या वेठीवर पिकलेल्या धान्याचा, आणि फुकट राबणारी माणसं असताना सरदार नवीन अवजारावर पैसा कशाला घालेल? प्रशियात, म्हणजे एल्बच्या पूर्वेच्या मोठ्या जर्मन राज्यात, भूदासपण १८०७ ला गेलं, रशियात थेट १८६१ ला, आणि तिथे तर मिळालेल्या जमिनीचे ४९ वर्षं हप्ते भरायचे होते.

हो, बोहेमिया, म्हणजे आजचं चेक, याला अपवाद. वेठ तिथेही होती, पण दुसऱ्या महायुद्धाआधी तिथला कारखानदारीचा पट्टा चांगला पुढारलेला होता. त्यामुळे परीक्षेत सगळा पूर्व युरोप एकाच टोपलीत टाकू नकोस.

प्रश्न : आमचं सराफ्यात दुकान आहे म्हणून विचारते. स्पेनला अमेरिकेतून एवढी चांदी मिळाली, मग ते श्रीमंत का नाही राहिले?

उत्तर : ताई, घरात आलेली चांदी घरात टिकायला पण हवी ना. दक्षिण अमेरिकेतली पोटोसीची चांदीची खाण १५४५ ला सापडली, राजाचा पाचवा हिस्सा ठरलेला, पण स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा पैसा येण्याआधीच लढायांत उडालेला असायचा. इटलीतल्या जिनोव्हाच्या सावकारांकडून पुढच्या जहाजांच्या भरवशावर कर्ज, आणि १५५७, १५६०, १५७५, १५९६ असं चारदा देणं थांबवलं. १५७६ मध्ये पगार थकलेल्या त्याच्याच सैनिकांनी आजच्या बेल्जियममधलं अँटवर्प लुटलं, म्हणजे आपल्याच राज्यातली सगळ्यात श्रीमंत पेठ! देशात महागाई एवढी की त्या शतकात भाव तीन-चार पट झाले, मग बाहेरचाच माल स्वस्त पडायला लागला आणि चांदी त्याच वाटेने बाहेर गेली. काही त्या बाल्टिकच्या धान्याला गेली, आणि बरीच डच-इंग्रज जहाजांतून आपल्याकडे कापड घ्यायला आली, सुरतेला उतरली आणि मुघलांच्या टाकसाळीत वितळून तिचे रुपये झाले. तुमच्याकडे कोणी औरंगजेबाच्या काळातला सुरतेचा रुपया मोडायला आणलाच तर लगेच भट्टीत टाकू नका, आधी मला फोन करा.