ब्रेकचा आवाज राहू द्या, आधी ९ फेब्रुवारी गाठा

प्रश्न : मी वाकडला राहतो, नोकरी हिंजवडीत. एकच गाडी रोज ऑफिसला नेतो आणि वर्षातून दोन-तीनदा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक-डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने गाडी पळवायला. ४ नोव्हेंबर २०२३ ला परफॉर्मन्स पार्ट्सच्या एका दुकानातून पुढचे-मागचे ब्रेक पॅड मजुरीसह २६,४०० रुपयांना बसवून घेतले. पंधरा दिवसांत सिग्नलला ब्रेक किंचाळायला लागले. २० नोव्हेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. दुकानदाराने डिसेंबरात शिम (पॅडमागची पातळ पट्टी) आणि ग्रीस लावलं, जानेवारीत पॅडच्या कडा घासून दिल्या. ९ फेब्रुवारी २०२४ ला मात्र त्याने लिहिलं, ‘आवाज नॉर्मल आहे, पैसे परत मिळणार नाहीत.’ मार्चमध्ये मी दुसऱ्या गॅरेजात ब्रेकच्या डिस्क (पॅड ज्यांना पकडतात त्या चकत्या) घासून घेतल्या आणि गाडीच्या कंपनीचे पॅड बसवले. दुकानदाराला ई-मेल करत राहिलो. जुलै २०२५ मध्ये वकिलाची नोटीस दिली, ऑगस्टमध्ये नकाराचं उत्तर आलं. म्हणजे ग्राहक आयोगात तक्रार करायला ऑगस्ट २०२७ पर्यंत मुदत आहे ना? मध्ये आणखी एक नोटीस देऊ का? पाच लाख भरपाई मागायची आहे. तक्रारीचा मसुदा, चॅट आणि बिल सोबत जोडलं आहे. ते जुने पॅड येत्या ट्रॅक-डेला वापरून संपवू का?

उत्तर : मुदत ऑगस्ट २०२७ पर्यंत नाही. तुमच्या बाजूने मोजली तर ती ९ फेब्रुवारी २०२६ ला संपते, आणि दुकानदाराच्या बाजूने मोजली तर संपून गेली आहे. हे लिहितोय तेव्हा जानेवारी २०२६ चा मध्य उलटतोय. नोटीस वगैरे काही नको, सरळ तक्रार दाखल करा.

अशी पत्रं सतत येतात. कधी सोफा असतो, कधी सोलर हीटर, कधी गाडी. माणूस दोन वर्षं मेसेज करतो, ई-मेल करतो, ‘लास्ट वॉर्निंग’ देतो, आणि घड्याळ आपल्यासाठी थांबलंय असं धरून चालतो. ते थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार यायला हवी. तुमच्या प्रकरणात बाकी सगळं, आवाज, बिल, भरपाई, याच्यानंतर येतं. आयोग आधी तारीख बघतो, आणि तारीख चुकली तर तुमचे पॅड किती किंचाळत होते हे कोणी विचारतसुद्धा नाही.

नोटिशीला उत्तर आलं म्हणजे नवी मुदत सुरू झाली, हा समज तुम्हाला कोणी दिला ते तुम्ही लिहिलं नाही. ज्याने दिला त्याचा सल्ला पुन्हा घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच कंडीमल्ला राघवैया विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात हा मुद्दा निकालात काढला आहे. आग १९८८ ची होती, तक्रारदाराने १९९६ मध्ये नोटीस पाठवली, कंपनीने उत्तर दिलं, आणि त्या उत्तरापासून मुदत मोजा असा त्याचा आग्रह होता. न्यायालयाने तो मानला नाही. नोटिशीच्या उत्तराने मुदत वाढत असती तर कोणताही दावा कधीच मुदतबाह्य झाला नसता, नुसती आणखी एक नोटीस पाठवली की झालं. तुमची जुलैची नोटीस आणि ऑगस्टचं उत्तर पुरावा म्हणून जोडा. मुदत मोजायला त्यांचा उपयोग नाही.

मग मोजायचं कुठून? दुकानदाराचा वकील २० नोव्हेंबर २०२३ धरेल, म्हणजे तुम्हाला आवाज कळला तो दिवस. त्या हिशेबाने मुदत २० नोव्हेंबर २०२५ ला संपली. आपण ९ फेब्रुवारी २०२४ धरायची. त्याचं कारण तुमच्याच चॅटमध्ये आहे. डिसेंबरात आणि जानेवारीत दुकानदार तुम्हाला स्वतःहून बोलावत होता. ‘गाडी घेऊन या, शिम टाकतो’, ‘कडा मारून देतो, आठ दिवस चालवून बघा’. दुरुस्ती चालू असताना शहाणा ग्राहक आयोगाकडे पळत नाही. भांडण उभं राहिलं ते त्याने हात वर केले तेव्हा. हा युक्तिवाद मला पटतो, पण आयोगाला पटेलच अशी हमी मी देणार नाही. म्हणून तक्रारीसोबतच कलम ६९(२) खाली विलंब माफीचा अर्ज आणि त्याला प्रतिज्ञापत्र जोडा. ‘मुळात विलंब नाही, आणि आयोगाला तो आहे असं वाटलं तर ही कारणं’, अशी मांडणी ठेवा. दोन-अडीच महिन्यांचा विलंब आणि त्यामागे दुरुस्तीचे दोन लेखी प्रयत्न, हे कारण सांगण्याजोगं आहे. ९ फेब्रुवारी उलटू दिलीत तर सांगण्याजोगं काही उरणार नाही, कारण दुकानदाराच्या नकारानंतरच्या दोन वर्षांत घडलेल्या सगळ्या घटना तुमच्या एकट्याच्या आहेत.

९ फेब्रुवारीला सोमवार आहे. शेवटच्या दिवसावर जाऊ नका. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल सुरू झालं आहे, तिथे घरबसल्या तक्रार दाखल करता येते. पण स्कॅन अस्पष्ट, पानांना क्रमांक नाहीत, प्रतिज्ञापत्र राहिलं, अशा त्रुटी निघतात आणि त्या दूर करायला दिवस जातात. याच महिन्यात दाखल करा. तुम्ही राहता तिथला जिल्हा आयोग चालतो, म्हणजे पुणे. मोबदला, म्हणजे तुम्ही मालाला दिलेली किंमत, पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. तक्रारीआधी नोटीस द्यायलाच हवी असंही कायदा म्हणत नाही. दुसऱ्या नोटिशीत पंधरा दिवसांची मुदत द्याल आणि तेवढ्यात तुमचीच मुदत संपेल.

आता आवाजाबद्दल, कारण इथे तुमची मांडणी चुकते आहे. तुमच्या मसुद्यात ‘सदोष पॅड’ हा शब्द पानापानावर आहे. समोरचा वकील सांगेल की ट्रॅकसाठीचं कंपाउंड (पॅड ज्या मिश्रणाचा बनतो ते) जास्त उष्णतेला चांगलं पकडतं. वाकडच्या रांगेत, थंड डिस्कवर, ताशी दहाच्या वेगाने हळूच ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क एकमेकांना धरतात-सोडतात, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरसकट कंप पावतात आणि तोच आवाज कानाला लागतो. ट्रॅकवर तापून डिस्कवर पॅडचा जो थर बसतो, तो थंड ड्रायव्हिंगमध्ये खरवडला जातो, मग आवाज आणखी वाढतो. हे सगळं खरं आहे. शिम, बॅकिंग प्लेटमागे ग्रीस, कडा तिरक्या घासणं, पुन्हा बेडिंग करणं (पॅड डिस्कवर नीट बसवून घेणं), हे त्यावरचे नेहमीचे उपाय आहेत आणि दुकानदाराने त्यातले बरेचसे करून पाहिले. कंपाउंडच तसं असेल तर ते पुरत नाहीत. ट्रॅकवर नियमित जाणारे बरेच जण म्हणूनच दोन सेट ठेवतात आणि ट्रॅक-डेच्या आधी बदलतात. तेव्हा ‘पॅड खराब बनवले होते’ हे तुम्हाला सिद्ध करता येईल असं मला वाटत नाही, आणि तशी गरजही नाही.

तुमची खरी ताकद १ नोव्हेंबर २०२३ च्या त्या दोन ओळींत आहे, ज्या तुम्ही परिशिष्टात शेवटून दुसऱ्या पानावर टाकल्या आहेत. तुम्ही लिहिलंत : ‘रोज हिंजवडी अप-डाउन, वर्षातून दोन-तीनदा ट्रॅक. एकच सेट पाहिजे.’ उत्तर आलं : ‘हा सेट घ्या सर, दोन्हीकडे चालतो, आवाजाचं टेन्शन नाही.’ कायद्याच्या व्याख्येत दोष म्हणजे फक्त कारखान्यातली चूक नाही. व्यापाऱ्याने कोणत्याही रीतीने जो दर्जा सांगितला, त्यात उणीव असली तरी तो दोषच. मालविक्री कायदा, १९३० चं कलम १६ ही मदतीला येतं : गिऱ्हाइकाने विशिष्ट उपयोग सांगितला, विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला आणि विक्रेता तोच माल विकणारा असला, तर माल त्या उपयोगाला योग्य हवा. त्याच कलमात एक पळवाटही आहे : तुम्ही स्वतःच अमुक ब्रँडचा अमुक पॅड द्या म्हणून नाव घेऊन मागितला असेल, तर ही अट लागू होत नाही. तुमच्या चॅटमध्ये पॅडचं नाव पहिल्यांदा दुकानदाराने घेतलंय. फोनवर किंवा दुकानात त्याआधी तुम्ही नाव घेतलं होतं का, हे आठवून वकिलाला खरं सांगा. हे उलटतपासणीत निघण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तर तक्रारीचं पहिलं पान या दोन ओळींनी सुरू करा. स्क्रीनशॉटवर थांबू नका. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, ज्या फोनवर आहे तो फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके काटेकोर लावत नाहीत, पण आक्षेपाला जागा का ठेवायची?

बिलाच्या मागच्या शिक्क्याला तुम्ही घाबरला आहात : ‘फक्त ट्रॅक वापरासाठी. वॉरंटी नाही. माल परत नाही.’ त्याखाली तुमची सही आहे आणि तुम्ही म्हणता वाचलं नव्हतं. सव्वीस हजारांच्या बिलावर न वाचता सही का करता? तरी हा शिक्का पूर्ण घातक आहे असं मला वाटत नाही. बिल पॅड बसवून झाल्यावर हातात आलं, आणि शिक्का दुकानाच्याच तीन दिवसांपूर्वीच्या मेसेजच्या उलट बोलतो. पॅड फक्त ट्रॅकचे होते तर ‘दोन्हीकडे चालतो’ का सांगितलं, हा प्रश्न त्याला विचारता येतो. आयोग याला किती वजन देईल ते सदस्यांवर आहे. मात्र मसुद्यातला ‘अनुचित करार’ हा मुद्दा काढून टाका. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. तेवढ्या एका शब्दावरून अधिकारक्षेत्राचा वाद निघेल आणि सहा तारखा त्यातच जातील. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे, ती मांडा.

जुने पॅड ट्रॅकवर वापरून संपवायचा विचार वाचून मी पत्र खाली ठेवलं. तुमच्या हातात उरलेली एकमेव वस्तू तीच आहे. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ मध्ये ते दिलं आहे. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. पुण्यात कोथरूडला वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआयसारखी संस्था आहे, तिचं नाव सुचवता येईल, नेमायची कोणाला हे आयोग ठरवेल. पण पॅड आणखी एकदा तापवलेत की दुकानदार म्हणेल, गैरवापर झाला, आता तपासून काय उपयोग, आणि त्याचं बरोबर असेल. आजच पॅड डब्यात ठेवा, पुसू नका, घासू नका, मागचा बॅच क्रमांक दिसेल असे फोटो काढा, डबा चिकटपट्टीने बंद करून त्यावर तारीख आणि दोन जणांच्या सह्या घ्या. डिस्कचं नुकसान मात्र बहुधा गेलं. घासण्याआधीचे फोटो नाहीत, जाडी मोजलेली नाही, त्या गॅरेजचं बिलसुद्धा नाही. मागायचं तर मागा, पण त्यावर पानं खर्चू नका.

पाच लाखांचंही तसंच. शुल्क मोबदल्यावर ठरतं, त्यामुळे आकडा मोठा लिहायला पैसे पडत नाहीत, आणि म्हणूनच लोक लिहितात. २६,४०० रुपये व्याजासह परत, त्रासाबद्दल माफक रक्कम, आणि तक्रारीचा खर्च, एवढी मागणी वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं खरं वाटेल. गाडी ट्रॅकवर नेता हे लपवू नका. चॅटमध्ये ते आहेच, आणि हौसेखातर ट्रॅकवर गेल्याने तुम्ही ग्राहक राहत नाही असं होत नाही. विम्याची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, तेव्हा कोइमतूरला ट्रॅकवर गाडी ठोकली तर विमा कंपनीकडून फार अपेक्षा ठेवू नका. पुढच्या खेपेला निघण्याआधी पॉलिसीतलं ‘वापराच्या मर्यादा’ हे कलम वाचा.

निकाल कधी, हे विचारू नका. कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, तारखेवर तारीख पडते, आणि सव्वीस हजारांच्या तक्रारीला वर्षं लागतात. याची चीड मलाही येते; लोक तक्रारच करत नाहीत त्याचं हेही एक कारण आहे. पण वेळ वाचवायची एक जागा तुमच्या हातात आहे. विरुद्ध पक्षाला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस मिळतात, आयोग फार तर आणखी १५ देऊ शकतो, त्यापुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज या निकालात ते पक्कं केलं आहे. आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह दुकानदाराला कोणत्या दिवशी मिळाली, त्याची पोचपावती मिळवा. पंचेचाळीस दिवस झाले आणि म्हणणं आलं नसेल, तर पुढच्या तारखेला स्वतः हजर राहा आणि लेखी म्हणण्याविना तक्रार पुढे चालवावी असा अर्ज त्याच दिवशी द्या.