दोन विषय, एक पदवी: परदेशातल्या एम.एस्सी.बद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काही विद्यापीठांत मॅथेमॅटिकल फायनान्स आणि ॲक्च्युअरिअल सायन्स मिळून एकच एम.एस्सी. असते, काही ठिकाणी दोन वेगळ्या. हे विषय एकत्र का शिकवतात? आणि पदवी मिळाली की मी ॲक्च्युअरी होईन का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही. ॲक्च्युअरी (विमा, पेन्शन यांतली जोखीम गणिताने मोजणारा तज्ज्ञ) ही उपाधी विद्यापीठ देत नाही, व्यावसायिक संस्था देते. ब्रिटनमध्ये ती संस्था म्हणजे इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्च्युअरीज, म्हणजेच आयएफओए. अमेरिकेत सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीज (एसओए), जर्मनीत तिथली ॲक्च्युअरी संघटना, डीएव्ही. पदवीमुळे या संस्थांच्या परीक्षांचा काही भाग सुटू शकतो, एवढंच. म्हणून कोणत्या संस्थेचं सभासद व्हायचं हे आधी ठरवा आणि विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या त्यानंतर उघडा. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात आणि पहिलं सत्र संपल्यावर त्यांच्या लक्षात येतं की आपल्या अभ्यासक्रमाला एकाही परीक्षेची सूट नाही.

आता दोन विषय एकत्र का, ते पाहू. १०,००० विमाधारक आहेत आणि प्रत्येकाच्या वर्षभरात मृत्यू होण्याची संभाव्यता ०.०१ आहे, असं धरा. अपेक्षित मृत्यू १००, प्रमाण विचलन सुमारे १०. विमाधारक १०० असते, तर अपेक्षित मृत्यू १ आणि विचलनही जवळपास १. म्हणजे गट मोठा झाला की जोखीम सापेक्षतः लहान होते. विम्याचा सगळा डोलारा यावर उभा आहे. पण त्याच पॉलिसीत ‘दहा वर्षांनी फंडाचं मूल्य काहीही असो, अमुक रक्कम नक्की देऊ’ अशी हमी असेल तर? बाजार पडला की तो सगळ्या १०,००० पॉलिसींसाठी एकाच वेळी पडतो. गट कितीही वाढवा, ही जोखीम विरत नाही. ती हमी म्हणजे प्रत्यक्षात एक पुट ऑप्शन (ठरलेल्या किमतीला विकण्याचा हक्क) असतो आणि त्याची किंमत १९७३ मध्ये ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी मांडलेल्या सिद्धांताच्या वाटेनेच काढावी लागते. मृत्यू आणि बाजार एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर हमीची किंमत म्हणजे दहा वर्षं जगण्याची संभाव्यता गुणिले त्या पुटची किंमत.

गोम अशी की या गुणाकारातल्या दोन संभाव्यता एका जातीच्या नाहीत. जगण्याची संभाव्यता प्रत्यक्षातल्या मृत्युसारणीतून येते. पुटची किंमत जोखीम-तटस्थ मापाखाली (म्हणजे संभाव्यता मोजण्याच्या वेगळ्या पद्धतीने) काढतात, जिथे शेअरचा अपेक्षित परतावा हा बिनजोखमीच्या व्याजदराइतकाच धरतात. कोणतं माप कुठे लावायचं हे पक्कं कळणं, हा या जोड-पदवीचा खरा गाभा आहे. उलट, भांडवलाची गरज मोजताना पुन्हा प्रत्यक्षातल्या मापाकडे यावं लागतं. युरोपात १ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या सॉल्व्हन्सी टू नियमांत एका वर्षाच्या मुदतीवर ९९.५ टक्के पातळीचा व्हॅल्यू ॲट रिस्क धरतात, म्हणजे ९९.५ टक्के संभाव्यतेने तोटा ज्याच्या पुढे जाणार नाही तो आकडा. तोटा किती संभवतो हा प्रश्न खऱ्या जगातला आहे, जोखीम-तटस्थ जगातला नाही.

प्रश्न : मी गणितात तीन वर्षांची पदवी घेतली आहे, दहापैकी ८.२ सरासरी. जर्मनीत प्रवेश मिळेल का? तिथले गुण १ ते ४ असे असतात म्हणे.

तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण. परदेशी गुण बदलण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात : सर्वोच्च गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. उत्तीर्ण होण्याची रेषा ४ असेल, तर तुमचं गणित असं : १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. हा चांगला आकडा आहे. तुमच्या विद्यापीठाची उत्तीर्ण-रेषा ५ असेल, तर उत्तर सुमारे २.१ येतं. त्यामुळे ही रेषा गुणपत्रिकेवर छापलेली आहे का ते पाहा. नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घ्या.

पण आकड्यापेक्षा तुम्ही काय शिकलात हे जास्त पाहिलं जातं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात ‘मॅथेमॅटिकल फायनान्स अँड ॲक्च्युअरिअल सायन्स’ याच नावाची एम.एस्सी. आहे. चार सत्रं, १२० क्रेडिट. तिथे अर्ज योग्यता-चाचणीच्या प्रक्रियेतून जातो. तुम्ही पदवीला काय शिकलात याची त्यांच्या पदवी-अभ्यासक्रमाशी तुलना होते. अर्ज इथेच अडकतात, कारण गुणपत्रिकेवर नुसतं ‘गणित पेपर ५’ असं असतं. एक तक्ता करा. विषयाचं नाव, तासांची संख्या, शिकवलेले मुद्दे, वापरलेलं पाठ्यपुस्तक आणि सिद्धता विचारल्या जात होत्या की नाही. ‘संभाव्यता’ एवढंच लिहू नका. मोठ्या संख्यांचा नियम, मध्यवर्ती सीमा प्रमेय, सशर्त अपेक्षा असं एकेक लिहा.

बहुतेकांची उणीव मेजर थिअरीची (संभाव्यतेचा पाया असलेल्या माप-सिद्धांताची) असते. स्वतःला तपासायचा एक सोपा उपाय आहे. सिग्मा-बीजगणित दिलं असताना सशर्त अपेक्षा अस्तित्वात असते, हे राडॉन-निकोडिम प्रमेयावरून कागदावर सिद्ध करता येतं का? येत नसेल, तर जायच्या आधीचे चार-पाच महिने यालाच द्या. नंतर शिकू म्हणाल, तर मार्टिंगेल आणि इतो समाकल (यादृच्छिक प्रक्रियांच्या कॅल्क्युलसमधल्या संकल्पना) एकदमच अंगावर येतात. पहिल्याच सत्रात दिसणारी ठरावीक चूक म्हणजे ब्राउनियन गतीच्या वर्गाचं विकलन नेहमीच्या कॅल्क्युलसने करणं. इतोच्या सूत्रात त्यात एक जादा ‘डीटी’ पद येतं. ते विसरलात, तर वर्गाची अपेक्षा शून्य येते. खरी ती काळाइतकी असते. एवढी एक पडताळणी हाताशी ठेवली, तरी निम्म्या चुका सापडतात.

कागदपत्रांपैकी एक वेळखाऊ आहे. भारत, चीन आणि व्हिएतनाममधल्या पदव्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं. अर्जाची मुदत जवळ आल्यावर त्यासाठी धावू नका; वर्षभर आधी सुरुवात करा.

प्रश्न : खर्चाचं काय? जर्मनीत शिक्षण फुकट असतं असं ऐकलं आहे.

बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण सरसकट तसं समजू नका. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ती दर सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे. राहण्याच्या खर्चासाठी ‘ब्लॉक्ड’ खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. तो बदलत असतो, म्हणून अर्जाच्या वेळी वकिलातीकडून खात्री करा. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्यात विमा कंपनीतली विद्यार्थी-नोकरी मिळाली, तर ती पैशापेक्षा पुढच्या नोकरीसाठी मोलाची.

आणि जर्मन भाषा शिका. वर्गात इंग्रजी चालते, पण विमा कंपनीतल्या पॉलिसीच्या अटी, नियामकाचा पत्रव्यवहार आणि डीएव्हीचं प्रशिक्षण मुख्यतः जर्मनमध्ये असतं. दोन वर्षांत बी-२ पातळी गाठायची, हे पहिल्या महिन्यातच ठरवायला हवं.

प्रश्न : ब्रिटनमध्ये एका वर्षात एम.एस्सी. होते आणि परीक्षांतून सूटही मिळते. मग तिकडेच का जाऊ नये?

आयएफओएचीच वाट धरायची असेल, तर जरूर जा. एडिंबरोचं हेरिअट-वॉट, कँटरबरीचं केंट, लंडनचं बेझ ही तिथली जुनी ठिकाणं. एका वर्षात १८० ब्रिटिश क्रेडिट असतात, म्हणजे युरोपीय मापाने ९०. वेग जबर आहे. सप्टेंबरात सुरुवात केली की डिसेंबर-जानेवारीत परीक्षा समोर उभी.

परीक्षांतल्या या सूटीच्या अटी मात्र नीट वाचा. एम.एस्सी.ला उत्तीर्ण व्हायला ५० गुण लागतात, पण सूट मिळण्याची रेषा सहसा त्याहून वर असते. शिवाय ती बहुतेकदा एकूण सरासरीवर ठरत नाही, विषयागणिक ठरते. आयएफओएच्या सीएस-२ (संख्याशास्त्राच्या गटातली) सारख्या एका परीक्षेसाठी विद्यापीठाचे दोन पेपर जोडलेले असू शकतात, आणि त्यातला एक घसरला की सूट हातची जाते. प्रत्येक पेपर कोणत्या परीक्षेला जोडला आहे, हा तक्ता प्रवेशाआधीच मागून घ्या. ‘मॅथेमॅटिकल फायनान्स’ एवढंच नाव असलेल्या अभ्यासक्रमाला बहुधा ही मान्यता नसते. तो बँकेच्या ट्रेडिंग आणि जोखीम विभागांकडे नेतो.

अमेरिकेकडे कल असेल, तर एसओएच्या पी (संभाव्यता) आणि एफएम (वित्तीय गणित) या दोन परीक्षा जायच्या आधीच देता येतात. दोन्हींत ३० बहुपर्यायी प्रश्न. पी तीन तासांची, एफएम अडीच तासांची. प्रवेश-अर्जातही त्या शोभतात.

प्रश्न : वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. जमेल का?

मॅथेमॅटिकल फायनान्सला थेट, नाही. ॲक्च्युअरिअल सायन्सच्या काही अभ्यासक्रमांना जमेल, पण आधी कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांचे गुणपत्रिकेवर दिसणारे पेपर द्या. स्वतःहून केलेला अभ्यास प्रवेश समितीला दिसत नाही.

प्रश्न : प्रोग्रॅमिंग किती यायला हवं?

आयएफओएच्या सीएस (संख्याशास्त्र) परीक्षांत आर ही प्रोग्रॅमिंग भाषा, तर सीएम (ॲक्च्युअरिअल गणित) परीक्षांत एक्सेल वापरावं लागतं. फायनान्सच्या बाजूला पायथन चालतं. भाषा कोणतीही घ्या, पण जायच्या आधी हा एक प्रयोग स्वतः लिहा : शेअर १००, स्ट्राइक (खरेदीची ठरलेली किंमत) १००, व्याज ५ टक्के, चढउतार (सिग्मा) २० टक्के, मुदत एक वर्ष. युरोपियन कॉलची (मुदतअखेरीलाच वापरता येणाऱ्या खरेदीच्या हक्काची) ब्लॅक-शोल्स किंमत १०.४५ येते. तीच माँटे कार्लोने, म्हणजे शेअर किमतीच्या १०,००० यादृच्छिक वाटा संगणकावर तयार करून त्यांच्या सरासरीतून काढा. उत्तरात सुमारे ०.१५ ची प्रमाण त्रुटी राहील. ती निम्मी करायला वाटा चौपट लागतात.

उत्तर बरंच जास्त येत असेल, तर घातांकातलं ‘वजा सिग्माचा वर्ग भागिले दोन’ सुटलं आहे. ते ओळखायचं असं : वर्षअखेरच्या शेअर किमतींची सरासरी काढून ती व्याजदराने आजच्या मूल्यात आणा. १०० च्या आसपास आली, तर ठीक. १०२ च्या आसपास आली, तर तेच पद गळलं आहे.