भावाच्या तिसाव्या वाढदिवसासाठी कर्ज काढून व्हिएतनामला जावं का?

मूळच्या निपाणीच्या आणि सध्या बेळगावात टिळकवाडीला भाड्याने राहून एका खासगी रुग्णालयाच्या हिशेब विभागात काम करणाऱ्या ३३ वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आहे. थोडक्यात ते असं:

वडील २०१९ मध्ये गेले. धाकट्या भावाने पदवीचं शेवटचं वर्ष सोडून निपाणीतलं किराणा दुकान हाती घेतलं, म्हणून माझं शिक्षण पुरं झालं. येत्या २८ डिसेंबरला तो तीस वर्षांचा होतो. माझ्या चार मैत्रिणी २५ ते ३१ डिसेंबर व्हिएतनामला निघाल्यात. भावाला काही न सांगता सोबत न्यावं आणि वाढदिवस तिथंच करावा असं मनात आहे. पॅकेज माणशी ९२,००० रुपये, दोघांचे १,८४,०००. हातात ४८,००० पगार येतो. सोसायटीत २,१०,००० ची ठेव आहे, तेवढीच पुंजी. मोबाइलवर १६ टक्क्यांनी १,८०,००० चं वैयक्तिक कर्ज मंजूर दाखवतंय. आई म्हणते, माझे दागिने तारण ठेव. मैत्रिणी म्हणतात, तुझ्या क्रेडिट कार्डाची मर्यादा मोठी आहे, सगळ्यांचे पैसे तूच भर, नंतर देतो. काय करू?

ताई, भावाला जरूर घेऊन जा. सात वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सात दिवस बाहेरचं जग दाखवायचं, यात उधळपट्टी कसली? पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नको, आणि कर्ज काढून तर मुळीच नको. मार्चमध्ये न्या. पैशाची सोय तुमच्याकडेच होते आहे, ती कशी ते पुढे सांगतो.

आधी कर्जाचं बघू. १,८०,००० रुपये, १६ टक्के, २४ महिने, म्हणजे महिन्याला साधारण ८,८०० चा हप्ता आणि दोन वर्षांत सुमारे ३१,५०० रुपये व्याज. दोन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरला तर आणखी ४,२०० च्या आसपास. तुमच्या पत्रातला महिन्याचा हिशेब मी मांडला: भाडं, घरी पाठवता ते पैसे आणि स्वतःचा खर्च मिळून ३१,०००, म्युच्युअल फंडाची एसआयपी ६,०००, भिशी ५,०००. उरतात ६,०००. हप्ता ८,८०० चा. मग पहिल्याच महिन्यात एसआयपी बंद पडेल, आणि एकदा बंद पडलेली एसआयपी दोन वर्षांनी आपोआप सुरू होत नाही.

ठेव मोडली तर व्याज वाचतं हे खरं. पण आजची २,१०,००० ही तुमची साडेसहा महिन्यांची शिदोरी आहे. सहलीनंतर तिच्यात एका महिन्याचाही खर्च उरत नाही. घरात आई, दुकानाचं उत्पन्न कमीजास्त, आणि आरोग्य विमा नोकरीच्या जागचा, तोही फक्त तुमच्या एकटीचा. आईच्या दागिन्यांचा विषय मी लांबवत नाही. ते दुखण्याखुपण्याला, अगदी गळ्याशी आलं तर.

आता तारखेचं. तुम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्याचं पत्रकही जोडलंय, तीच शहरं, तेवढेच दिवस, माणशी ६२,०००. दोघांमागे ६०,००० चा फरक, म्हणजे तुमचा सव्वा महिन्याचा पगार फक्त नाताळ-नववर्षाच्या गर्दीपायी जातो. त्यात कर्जाचा खर्च मिळवला तर एकाच सहलीसाठी तुम्ही सुमारे ९६,००० जास्त मोजणार. शिवाय डिसेंबरात दा नांग आणि होई आनच्या बाजूला पाऊस पुरता सरलेला नसतो. फेब्रुवारी ते एप्रिल तिथले कोरडे महिने. फक्त टेटचे दिवस टाळायचे. हे त्यांचं नववर्ष २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे, त्या सुमारास दुकानं बंद आणि प्रवास महाग असतो. मार्चमध्ये ती अडचण राहत नाही.

२८ तारखेचं काय, असं तुम्ही विचारणार. २८ ला सोमवार आहे. रविवारी निपाणी गाठा, सोमवारची रजा घ्या. आईच्या हातचं औक्षण, कुंदा, त्याचे दुकानाशेजारचे मित्र, आणि मग त्याच्या हातात मार्चच्या सहलीचा कागद. खरं सांगतो, ज्याने कधी स्वतःचा वाढदिवस केला नाही त्याला चार अनोळखी-अर्धओळखी माणसांत परदेशी हॉटेलात केक कापण्यापेक्षा हे जास्त आवडेल असं मला वाटतं. तुम्ही त्याला जास्त ओळखता. पण तुमच्या पत्रात तुम्हाला काय वाटतं ते भरभरून आहे, त्याला काय हवं ते कुठेच नाही.

आणि काही न सांगता नेणं जमणारच नाही. त्याच्याकडे पासपोर्ट नाही. साध्या ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये, अर्जदाराला स्वतः हजर राहावं लागतं, पोलीस पडताळणी निपाणीच्या पत्त्यावर होणार. आपल्या भागात एक घोळ नेहमीचा आहे: शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग कन्नड उच्चाराने, आधारवर मराठी उच्चाराने, पॅनवर तिसरंच. तिकीट, व्हिसा आणि पासपोर्ट यांत एका अक्षराचा फरक चालत नाही. आत्ता ऑगस्ट संपत आलाय. कागद दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून पासपोर्टचं त्याला गणपतीतच सांगा. कुठे जायचं ते वाढदिवसापर्यंत गुपित ठेवा हवं तर. दुकान आठवडाभर कोण बघणार, उधारीची वही कुणाकडे, हेही त्यालाच ठरवू द्या.

पैशाची जुळणी अशी. तुमची वीस जणांची भिशी फेब्रुवारीत तुमच्या नावावर आहे, १,००,००० येतील. भिशी उचलल्यावर उरलेले हप्ते भरावेच लागतात, म्हणून लवकरचा नंबर हे एक प्रकारचं कर्जच असतं. तुमचा नंबर सतरावा, पुढे तीनच हप्ते राहतात. म्हणजे ८५,००० तुमचेच साठलेले आहेत. सप्टेंबर ते फेब्रुवारी महिन्याचे उरणारे ६,००० बाजूला टाकलेत तर ३६,०००, आणि दिवाळीचा २०,००० बोनस. एकूण १,५६,०००. खर्चाच्या बाजूला पॅकेज १,२४,०००. त्यावर टूर कंपनी टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आगाऊ वसूल केलेला कर, घेते. २०२६ च्या अर्थसंकल्पाने तो परदेशी सहलीच्या पॅकेजवर २ टक्के केला, म्हणजे २,४८०. तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत कर लागत नाही, त्यामुळे विवरणपत्र भरलंत की ते परत येतात. फक्त पावतीवर पॅन तुमचा आहे ना ते बघा. ई-व्हिसा माणशी २५ डॉलर, दोघांचे साडेचार हजारांच्या आसपास. तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं जादा पैसे घेतात. पासपोर्ट १,५००, प्रवास विमा ३,०००, पॅकेज बेंगळुरूहून सुरू होतं म्हणून तिथवर जाण्यायेण्याचे ६,०००, वरखर्चाला दोघांना २०,०००. बेरीज १,६१,००० च्या थोडी वर. यातले वरखर्चाचे १०,००० भावाला त्याच्या पिग्मीतून, म्हणजे रोज थोडे थोडे भरलेल्या ठेवीतून, आणू द्या. तेवढ्याने जुळतं, आणि त्यालाही प्रत्येक कॉफीला अक्काकडे बघावं लागणार नाही.

बोनस आणि पहिल्या महिन्यांची बचत आगाऊ रकमेला पुरेल. उरलेले पैसे मात्र भिशी हातात पडल्यावरच भरा. ओळखीतल्या नोंदणी नसलेल्या भिशीत कुणी हप्ता चुकवला तर दाद मागणं अवघड असतं, तिच्या भरवशावर परत न मिळणारी तिकिटं काढू नका.

मैत्रिणींना कार्डाबद्दल सरळ नाही म्हणा. त्यांच्या प्रामाणिकपणाची मला शंका नाही. पण बिलाची तारीख एकच असते आणि चौघींचे पैसे चार वेळी येतात. बिल पुरतं भरलं गेलं नाही तर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज बसतं, आणि ते तुमच्या नावावर. परदेशात कार्ड वापरलं की बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के चलन शुल्क आणि त्यावर जीएसटी वेगळा. तिथे यंत्राने रुपयांत भरायचं की डाँगमध्ये, म्हणजे व्हिएतनामच्या चलनात, असं विचारलं तर डाँगच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो.

एक अट मात्र भावाला घाला. सहल तुमच्याकडून, पण मार्चआधी त्याने स्वतःचा आणि आईचा आरोग्य विमा काढायचा, पिग्मीच्या पैशातून. तुम्ही लिहिलंय त्याच्या पिग्मीत ५५,००० आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी राहिलेला नाही. आईला आधीचे आजार असतील तर अर्जात एकही लपवू नये. दुकान चालवणारा एकटा माणूस पंधरा दिवस रुग्णालयात पडला तर खर्च आणि मिळकत दोन्हीकडून मार बसतो. याची मला तुमच्या सहलीपेक्षा जास्त काळजी वाटते.

तुमची ठेव सौहार्द सोसायटीत, म्हणजे सहकारी संस्थेत आहे, बँकेत नाही. व्याज बँकेपेक्षा बरं मिळतं हे मान्य, पण बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत जे ठेव विमा संरक्षण असतं, मग ती सहकारी बँक का असेना, ते सोसायटीला नाही. मुदत संपली की निदान निम्मी रक्कम बँकेत हलवा. अडीअडचणीचा पैसा हा, त्याला एक-दीड टक्का जादा व्याजाचा मोह नको.

मैत्रिणींपैकी दोघींनी अजून पैसे भरलेले नाहीत असं तुम्ही म्हणता. त्यांच्यासमोर मार्चचं पत्रक ठेवा, ३०,००० वाचतात म्हटल्यावर त्या ऐकतील. डिसेंबरवरच अडल्या तर त्यांना जाऊ द्या आणि तुम्ही बहीणभाऊ दोघंच जा. फक्त ६२,००० चा दर सहा जणांच्या गटाला दिलाय की दोघांनाही मिळतो, हे टूर कंपनीकडून या आठवड्यातच लिहून घ्या. दोघांना जास्त पडत असेल तर एक रात्र कमी करा, कर्ज नको.