‘मला काहीच झालेलं नाही’ म्हणणाऱ्या पेशंटशी बोलायचं कसं?

सिस्टरला विचारा : या वेळच्या पत्रांमध्ये अँग्झायटीबद्दलची, म्हणजे चिंता-बेचैनीबद्दलची पत्रंच जास्त आहेत, काही नर्सिंगवाल्यांची, काही घरच्यांची. त्यातली चार घेतली आहेत. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : सिस्टर, मी बीएस्सी नर्सिंगच्या थर्ड इयरला आहे, नेरुळला राहते. सध्या आमचं सायकियाट्रीचं पोस्टिंग ठाण्याला चालू आहे. मला मिळालेल्या पेशंटला जनरलाइज्ड अँग्झायटी (कशाचीही, सतत वाटणारी काळजी) आहे पण ते म्हणतात मला काहीच झालेलं नाही, टेन्शन बायको घेते, तिला दाखवा. केअर प्लॅनमध्ये (पेशंटच्या देखभालीचा लेखी आराखडा) डिफेन्स मेकॅनिझम, म्हणजे मनाचे बचावाचे मार्ग, लिहायचे असतात म्हणून मी त्यांना म्हटलं की काका तुम्ही डिनायलमध्ये आहात, म्हणजे आहे ते नाकारताय, तर त्यांनी बोलणंच बंद केलं. हिस्टरी अर्धी राहिली, सबमिशन जवळ आलंय. काय करू?

उत्तर : अगं, तुझं निदान बरोबर आहे, फक्त ते तुझ्या फाईलसाठी होतं, काकांना ऐकवायला नव्हतं. डिफेन्स मेकॅनिझम माणूस ठरवून करत नाही, हे मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडनी 1894 पासून मांडायला सुरुवात केली आणि त्यांची मुलगी अॅना हिने 1936 मध्ये ते नीट एकत्र लिहून काढलं. मनाला जे झेपत नाही ते मन स्वतःच झाकतं, आणि ज्याचं झाकलंय त्यालाच ते माहीत नसतं, त्यामुळे तू ‘डिनायल’ म्हणालीस तेव्हा काकांना काय ऐकू आलं असेल तर ‘तुम्ही खोटं बोलताय’. पाय दुखतोय म्हणून कुबडी घेतलेल्या माणसाची कुबडी हिसकावली तर तो चालायला लागत नाही, पडतो. आधी पाय बरा करायचा.

म्हणजे तुझं पहिलं काम त्यांची अँग्झायटी खाली आणणं. ती खाली आली की डिनायल आपोआप सैल होतं, खरंच होतं, फक्त पोस्टिंगच्या दिवसांत होईलच असं नाही.

उद्या जाशील तेव्हा ‘तुम्हाला चिंता वाटते का’ असं विचारूच नको. शरीराचं विचार. झोप कधी लागते, मध्येच जाग येते का, मान-खांदे आखडतात का, लवकर थकायला होतं का, पेपर वाचताना लक्ष लागतं का, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड होते का, एका जागी बसवत नाही असं होतं का. चिंता नाही म्हणणारा माणूस झोपेबद्दल मात्र अर्धा तास बोलतो. आणि गंमत नाही, हीच तर जनरलाइज्ड अँग्झायटीची लक्षणं आहेत, सहा महिने किंवा जास्त काळ आवरत नाही अशी काळजी आणि यातली निदान तीन, असा मोठ्या माणसांसाठीचा निकष आहे. तुझी हिस्टरी तिथूनच पूर्ण होईल. ‘बायकोला टेन्शन आहे’ हेही सोडू नको, ते प्रोजेक्शन (स्वतःच्या मनातलं दुसऱ्यावर ढकलणं) असू शकतं, पण त्यालाच धरून विचार की काकूंना कशाचं टेन्शन येतं असं वाटतं तुम्हाला? स्वतःची भीती ते काकूंच्या नावावर सांगतील. तू फक्त ऐक. (आणि काकूंना खरंच टेन्शन असू शकतं हं, तेही एकदा त्यांच्याशी बोलून बघ.)

केअर प्लॅनमध्ये नुसतं ‘डिनायल प्रेझेंट’ लिहू नको. पेशंट काय बोलला ते त्याच्याच शब्दांत अवतरणात लिही, मग इनइफेक्टिव्ह कोपिंग (ताणाला नीट तोंड देता न येणं) हे नर्सिंगचं निदान, मग गोल म्हणजे उद्दिष्ट असं की पेशंट बेचैनीची दोन लक्षणं स्वतःच्या शब्दांत सांगेल. ‘डिनायल जाईल’ हा गोल होऊच शकत नाही. आणि सगळे डिफेन्स वाईट नसतात, जॉर्ज वेलंट या मानसोपचारतज्ज्ञांनी 1977 मध्ये त्यांच्या पायऱ्या लावल्या त्यात विनोद, सब्लिमेशन (मनातली खळबळ चांगल्या कामाकडे वळवणं), विचार तात्पुरता बाजूला ठेवणं हे सगळ्यात वरच्या पायरीवर आहेत. काका वॉर्डात कुणाला कॅरम शिकवत असतील तर तेही लिही, ती त्यांची ताकद आहे.

डिनायलला थेट हात कधी घालायचा? जिवावर बेततंय तेव्हा. गोळ्या थुंकतायत, छातीत दुखतंय तरी सांगत नाहीत, जीव द्यायच्या गोष्टी करतायत, तिथे थांबायचं नाही, लगेच सिस्टर-इनचार्जना आणि डॉक्टरांना सांगायचं.

प्रश्न : मॅडम, आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मिस्टर 42 वर्षांचे. लोकल वाशीच्या खाडीपुलावर थांबली की त्यांना धडधड, घाम, हातपाय गार पडणं, आता मी मरतो असं होतं. दोन-तीनदा कॅज्युअल्टीत नेलं, ईसीजी नॉर्मल. ते म्हणतात अॅसिडिटी आहे. मानसोपचाराचं नाव काढलं की भडकतात आणि मग राग मुलांवर निघतो. सासूबाई म्हणतात कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावा. नक्की काय करायचं?

उत्तर : ताई, पिशवी नको. कागदीही नको, प्लास्टिकची तर अजिबातच नको. त्यात ऑक्सिजन कमी होतो, आणि त्या वेळी त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर जिवावर बेतेल.

तुम्ही सांगताय ते पॅनिक अटॅकसारखं वाटतंय, पण हे नाव डॉक्टरांनी द्यायचं असतं. 42 वय आहे तर थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या, चहा-कॉफी, तंबाखू किती होते तेही बघा, कारण यातल्या प्रत्येकाने धडधड होऊ शकते. आणि मागचा ईसीजी नॉर्मल आला म्हणून पुढचं प्रत्येक दुखणं ‘मनाचंच’ असं धरू नका. जिना चढताना छातीत दाब आला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, चक्कर येऊन पडले तर सरळ हॉस्पिटल.

अटॅकमध्ये भीती काही मिनिटांत, साधारण दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचते आणि मग उतरायला लागते. तेवढा वेळ तुम्ही सोबत राहायचं, सोडून पाणी आणायलासुद्धा जायचं नाही, दुसऱ्याला सांगायचं. बाजूची गर्दी, टीव्ही, सल्ले देणारे सगळे बाहेर. बसवा. बोलायचं ते छोटं, हळू आणि तेच तेच, ‘मी इथेच आहे. हे उतरतं. श्वास हळू सोडा.’ श्वास आत किती घेतला यापेक्षा बाहेर किती सावकाश सोडला त्याकडे लक्ष द्या, कारण भराभर श्वास घेतल्यानेच बोटांना मुंग्या येतात आणि तोंडाभोवती बधिर वाटतं, मग माणूस अजून घाबरतो. अंगाला हात लावायच्या आधी विचारा, काहींना त्या क्षणी मिठीतसुद्धा कोंडल्यासारखं होतं. आणि ‘काही नाही झालेलं तुम्हाला’ हे वाक्य घरातून काढूनच टाका. त्यांना काहीतरी झालंय, मरणाची भीती खरी वाटतेय, आपण त्याला नाही म्हटलं की ते एकटे पडतात.

आता अॅसिडिटी. 42 वर्षांच्या कमावत्या पुरुषाने ‘मला भीती वाटते’ म्हणणं आपल्याकडे किती अवघड आहे बघा, अॅसिडिटी म्हटलं की इज्जत राहते. याला रॅशनलायझेशन, म्हणजे पटण्यासारखं कारण पुढे करणं म्हणतात आणि त्यावर वाद घालून काही मिळत नाही. मुलांवर ओरडणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर, नर्सिंगच्या भाषेत डिस्प्लेसमेंट, एकाचा राग दुसऱ्यावर. कारण समजलं म्हणून मुलांनी सहन करावं असं मात्र नाही हं, शांत वेळ बघून, मुलं समोर नसताना, स्पष्ट सांगा की तुम्हाला त्रास होतो हे मला कळतं पण मुलांवर ओरडलेलं चालणार नाही.

डॉक्टरकडे न्यायचा रस्ता अॅसिडिटीतूनच काढा. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना आधी एकटीने भेटून सगळं सांगा, मग ‘अॅसिडिटी दाखवायला’ त्यांना घेऊन जा, डॉक्टर पुढे पाठवतील. बऱ्याच डॉक्टरांकडे जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची चिठ्ठी असते, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, 21 पैकी 10 किंवा जास्त आले तर पुढे नीट तपासायचं. काही पुरुषांना बोलण्यापेक्षा आकडा पटतो. ते अजिबातच तयार नसतील तर तुम्ही स्वतः 14416 ला फोन करा, ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, चोवीस तास असते, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि घरच्यांनी फोन केलेला चालतो. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे, तिथली ओपीडी अशाच घरात राहणाऱ्या, नोकरीला जाणाऱ्या माणसांसाठीपण आहे, नावाला घाबरू नका.

एक गोष्ट मात्र आत्तापासूनच सांभाळा. लोकल टाळू नका. आज पूल टाळला की उद्या लोकल, परवा लिफ्ट, मग घराबाहेर पडणंच. टाळलं की बरं वाटतं आणि त्याच बरं वाटण्यामुळे भीती पक्की होते. सुरुवातीला कमी गर्दीच्या वेळी तुम्ही सोबत जा, पण दर वेळी सोबत जाणं हीसुद्धा कुबडीच होऊन बसते, ती हळूहळू कशी काढायची ते थेरपिस्ट पायरीपायरीने शिकवतात.

प्रश्न : माझी आई 66 वर्षांची, ऐरोली. बरीच वर्षं अल्प्राझोलाम (चिंता लगेच शमवणारी, सवय लागणारी गोळी) घेते. आता डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम (चिंता-नैराश्यावरची, हळूहळू काम करणारी गोळी) सुरू केली, आठवडा झाला, उलट जास्त बेचैन झाली आहे. दोन्ही बंद करू का?

उत्तर : नाही, एकही नाही. एस्सिटालोप्रामने सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी वाढू शकते, फायदा दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, डॉक्टरांना फोन करून सांगा, ते डोस कमी करून सुरुवात करतील. अल्प्राझोलाम अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात, ती हळूहळूच उतरवायची असते, आणि उतरवायला हवीच कारण या वयात त्या गोळीने तोल जाऊन पडायची भीती असते. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. आईला एकदम गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं तर सोडियम तपासायला लगेच न्या, या वयात नव्या गोळीने ते कमी होतं कधी कधी.

प्रश्न : सिस्टर, मी ठाण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलला सर्जिकल वॉर्डला आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंट तोच प्रश्न दहा वेळा विचारतात, सगळं समजावलं तरी सकाळी म्हणतात मला कुणी काही सांगितलंच नाही. काही जण अंगावर ओरडतात. आम्ही सायकियाट्रीच्या नर्स नाही, एवढं कुठून आणायचं?

उत्तर : सिस्टर, तुमचा थकवा मला पूर्ण कळतो. पण ‘सांगितलंच नाही’ हे पेशंट खोटं बोलत नाही. हिल्डगार्ड पेप्लाऊ या नर्सनेच अँग्झायटीच्या चार पातळ्या मांडल्या, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, पॅनिक. माइल्डमध्ये माणूस उलट छान शिकतो, मॉडरेटमध्ये लक्ष आक्रसतं पण कुणी मदत केली तर समजतं, सिव्हिअरला पोचला की एखादाच तपशील डोक्यात राहतो, बाकी काही आत जात नाही. त्या पेशंटला अर्धा तास शिकवणं म्हणजे तुमचा अर्धा तास वाया. आधी दोन मिनिटं खुर्चीवर बसा, उभ्याने नको, आणि विचारा की सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय. कुणी म्हणेल भुलीतून उठलोच नाही तर. मग ‘काही होत नाही हो’ म्हणायचं नाही, जे खरं आहे ते सांगायचं, की भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ डोक्याशीच असतात. एका वेळी एकच गोष्ट. ओरडणाऱ्याला, ‘मी ऐकतेय, आवाज खाली घ्या, शिवी चालणार नाही.’ आणि काय सांगितलं ते कागदावर लिहून एका नातेवाइकाच्या हातात द्या.

आणि आपलं स्वतःचं. इझाबेल मेन्झीस नावाच्या बाईंनी लंडनच्या एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या नर्सेसचा अभ्यास करून 1960 च्या सुमाराला लिहिलं होतं की पेशंटला नावाऐवजी बेड नंबरने, आजाराने हाक मारणं, कामाचे तुकडे पाडून एकाच पेशंटजवळ फार वेळ थांबायची वेळच न येऊ देणं, हे सगळे नर्सेसचे स्वतःच्या भीतीपासून बचावाचे मार्ग आहेत. आपल्याकडे ‘सहा नंबरचं हर्निया’ आपण रोज म्हणतो. यात नर्स वाईट नसते, तिच्या वाट्याला झेपणार नाही एवढं दुःख आलेलं असतं. म्हणून ‘एवढं कुठून आणायचं’ हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर एकट्या तुमच्याकडे नाही. रात्री एका सिस्टरकडे किती प्री-ऑप (ऑपरेशन व्हायचे असलेले) पेशंट असतात ते आठवडाभर डायरीत लिहा, कोणत्या पेशंटला पुन्हा समजवावं लागलं तेही लिहा, आणि ते मेट्रनना (सगळ्या नर्सेसच्या प्रमुख) लेखी द्या, तोंडी नको. प्री-ऑप समजावणं संध्याकाळच्या शिफ्टला, घरचे हजर असताना करायची मागणी त्यातच टाका.