उघडायची बाटली आणि ठेवायची बाटली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही लीड्सला राहता, सिंगल माल्टची, म्हणजे एकाच कारखान्यात (डिस्टिलरीत) नुसत्या माल्ट बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीची, गोडी लागली आहे, वर्षाला साधारण १५०० पौंड बाजूला काढता येतात. त्यातून प्यायच्या बाटल्या घ्याव्यात, की दहा वर्षं ठेवून विकायच्या? एका कंपनीने फोन करून अख्खं पिंप घ्या म्हणून गळ घातली आहे, त्याचं काय? आणि पुढे पुण्याला परतताना संग्रह नेता येईल का?

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. व्हिस्की बाटलीत मुरत नाही. लेबलावरचं वय म्हणजे ओकच्या पिंपात काढलेला काळ. १२ वर्षांची बाटली आणखी २० वर्षं कपाटात ठेवली तरी ती १२ वर्षांचीच राहते. तिची किंमत वाढते ती एवढ्याचसाठी, की बाकीच्यांनी आपापल्या बाटल्या उघडून संपवल्या आणि तुमची उरली. म्हणून ठेवायला बाटली घेताना दोनच गोष्टी बघायच्या: ही पुन्हा निघणार आहे का, आणि दहा वर्षांनी कुणाला ती प्यावीशी वाटेल का. दुसरा मुद्दा लोक फार विसरतात.

आता हिशेब, कारण खरी गंमत तिथेच कळते. ब्रिटनमध्ये खाजगी माणसाला परवान्याशिवाय दारू विकता येत नाही, त्यामुळे विक्री म्हणजे लिलावगृह. दर लिलावगृहागणिक वेगळे असतात. उदाहरणासाठी विकणाऱ्याकडून ५ टक्के कमिशन, नोंदणीचे ५ पौंड, घेणाऱ्याकडून १० टक्के कमिशन आणि या सगळ्यावर २० टक्के व्हॅट असं धरू. तुम्ही दुकानातून १२० पौंडांना घेतलेली बाटली लिलावात १५० ला गेली. ऐकायला छान. कमिशन व्हॅटसकट ९ पौंड, नोंदणी ६, सुरक्षित पॅकिंग करून पाठवायचे १०. हातात आले १२५. म्हणजे २५ टक्के भाव वाढूनही नफा ५ पौंड.

लिलावातच घेऊन लिलावातच विकायची असेल तर आणखी कठीण. १५० ची बोली जिंकली की १८ पौंड कमिशन आणि १० पौंड घरपोच, म्हणजे बाटली तुम्हाला १७८ ला पडली. हे १७८ नुसते परत मिळायला पुढची बोली २०६ च्या वर जायला हवी, साधारण ३८ टक्के वाढ. हेच पैसे ५ वर्षं ४ टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर २१६ झाले असते. तेवढे सुटायला बोली २४७ पर्यंत पोचली पाहिजे. बाजार चढता असताना हे जमायचं. पण २०२२ च्या सुमाराला भाव शिखरावर होते, त्यानंतर उतरले. तेव्हा चढ्या भावाने घेतलेल्या बाटल्या आज अनेकांच्या गळ्यात पडल्या आहेत. वर्तमानपत्रात येतं ते मॅकॅलन डिस्टिलरीच्या १९२६ च्या बाटलीचं, जी नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये २१ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. त्या एका पिंपातून फक्त ४० बाटल्या निघाल्या होत्या. तिच्यावरून आपल्या कपाटाचा अंदाज बांधू नका.

मग भाव कशाचा चढतो? बंद पडलेल्या डिस्टिलरींचा माल सगळ्यात आधी. पोर्ट एलन आणि ब्रोरा १९८३ मध्ये बंद झाल्या, रोझबँक १९९३ मध्ये, जपानची हन्यू २००० मध्ये. पोर्ट एलनची पहिली वार्षिक आवृत्ती २००१ साली आली तेव्हा ६००० बाटल्या होत्या आणि त्या दुकानात सरळ मिळत होत्या. ब्रोरा २०२१ मध्ये आणि पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, रोझबँकही परत सुरू झाली. पण जुना माल तेवढाच आहे, तो वाढणार नाही. पण तिथे आज प्रवेश करायला तुमचं अख्ख्या वर्षाचं बजेट एका बाटलीत जातं. दुसरा गट म्हणजे लहान डिस्टिलरींच्या मर्यादित आवृत्त्या, ज्या पिणाऱ्यांनाच हव्या असतात: स्प्रिंगबँकची लोकल बार्ली हे चांगलं उदाहरण. दुकानात सोडतीने मिळते, लोक खरोखर उघडतात, म्हणून शिल्लक कमी होत जाते. तिसरा, बाजारातून काढून घेतलेली वयं, म्हणजे ठरावीक वयाच्या बंद केलेल्या बाटल्या. जपानच्या १७ वर्षांच्या हिबिकीचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं आणि तिच्या मागणीने उडी मारली.

चढत नाही ते ओळखायला सोपं आहे. 'लिमिटेड एडिशन' लिहिलंय पण किती बाटल्या हा आकडा लिहिलेला नाही. आकडा आहे पण पाच आकडी आहे. खोका बाटलीपेक्षा भारी आहे. २०१८ मध्ये टीव्ही मालिकेच्या निमित्ताने जॉनी वॉकरची व्हाइट वॉकर आली, देखणी बाटली, पण जगभर भरपूर निघाली. ग्लेनफिडिक १२ किंवा लागावुलिन १६ सुपरमार्केटात कायम मिळते. त्या उत्तम आहेत, पण त्या प्यायच्या आहेत.

तुमच्या १५०० पौंडांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: १२०० प्या, ३०० ठेवा. ठेवायच्या बाटल्याही अशाच घ्या ज्या ७० ते १२० पौंडांत दुकानाच्या भावाने मिळतात. ९० ची बाटली ६० वर आली तर दिवाळीला उघडाल आणि तोंडाला चव येईल. ६०० चं काचेचं डिकँटर (शोभेच्या सुरईतली व्हिस्की) ३५० वर आलं तर ना विकवणार, ना उघडवणार. सुरुवातीला लिलावातून जुनी महाग बाटली मुळीच घेऊ नका. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या प्रयोगशाळेत ५५ दुर्मीळ बाटल्यांची रेडिओकार्बन तपासणी झाली, त्यात २१ बनावट किंवा लिहिलेल्या सालाच्या नसलेल्या निघाल्या. आदल्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात १८७८ ची मॅकॅलन म्हणून एक घोट १०,००० फ्रँकला गेला होता. तपासात ती १९७० च्या दशकातली मिश्र व्हिस्की ठरली.

ठेवायची ठरवलेली बाटली घरी आली त्याच दिवशी पुढचं करा. पावती खोक्यात. समोरून, मागून, आणि बूचाजवळच्या पातळीचा फोटो, पाठीमागे पांढरा कागद धरून. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, ग्रॅमपर्यंत, आणि तारखेसह लिहून ठेवा. दरवर्षी एकदा पुन्हा वजन. ४६ टक्के अल्कोहोलच्या व्हिस्कीचे १० मिली उडाले की साधारण ९ ग्रॅम कमी होतात, आणि हे डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं. वजन उतरतंय म्हणजे बूच दम सोडतंय. अशी बाटली ठेवण्यात अर्थ नाही, सरळ उघडा. तसं होऊ नये म्हणून झाकणाच्या सांध्यावर पॅराफिल्मची (ताणली जाणाऱ्या मेणासारख्या फितीची) पट्टी ताणून दोन वेढे द्या. नुसती गुंडाळली तर सुटते.

बाटली कायम उभी. वाइनसारखी आडवी ठेवली तर एवढ्या अल्कोहोलमध्ये बूच भिजून भुसभुशीत होतं आणि लाकडाची कडवट चव उतरते. उजेड नको, उन्हाने लेबल आणि रंग दोन्ही उडतात. पोटमाळ्यावर नको, कारण तिथे हिवाळा-उन्हाळ्यात तापमान इतकं वरखाली होतं की आतली हवा प्रसरण पावून बूच ढकलते. घराच्या आतल्या भिंतीलगतचं कपाट सगळ्यात बरं. विम्याचा कागदही तपासा. घरसामानाच्या पॉलिसीत एका वस्तूची मर्यादा असते. कराचं म्हणाल तर ६००० पौंडांपर्यंत विकलेल्या एकेका वस्तूवर भांडवली नफा कर लागत नाही, पण सतत घेऊन विकत राहिलात तर तो धंदा धरला जातो.

उघडायच्या बाटलीचे नियम उलटे. तिथे खोका फेका, लेबल मळू दे. लेबलावर ४६ टक्के किंवा वर, चिल-फिल्टर न केलेली (थंड करून न गाळलेली), नैसर्गिक रंगाची असं लिहिलेलं बघा; स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग चालतो आणि जर्मनीसाठीच्या बाटलीवर तो छापावाच लागतो. पाणी घातल्यावर ४६ टक्क्यांची गढूळ झाली तर घाबरू नका, ते गाळून न काढलेले स्निग्ध घटक आहेत. उघडायच्या आधी बाटली एकदा दहा सेकंद तिरपी करा, सुकलेलं बूच ओलं होतं आणि मोडत नाही. तरी मोडलंच तर कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घ्या. रिकाम्या बाटल्यांची दोन-चार बुचं नेहमी जपून ठेवा, ती उपयोगी पडतात. बाटली अर्ध्यावर येईपर्यंत वर्षभर निर्धास्त रहा. पाव उरली की दोन-तीन महिन्यांत संपवा किंवा छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. आयला या स्कॉटिश बेटावरच्या धुरकट व्हिस्क्यांचा धूर आधी मंदावतो, म्हणून एका वेळी दोनपेक्षा जास्त धुरकट बाटल्या उघड्या ठेवू नका. महागातली चव घ्यायची असेल तर चारपाच जणांनी बाटली वाटून घ्या: ७०० मिलीतून ३० मिलीचे २३ पेग निघतात.

पिंपाच्या फोनबद्दल: नको. वर्षाला अमुक टक्के हमखास म्हणणारा माणूस विकतोय ते कागद. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं मालकीचं प्रमाणपत्र कवडीमोल असतं. गोदामवाल्याने तुमच्या नावाने लेखी कळवायला हवं की अमुक डिस्टिलरीचं, अमुक क्रमांकाचं पिंप तुमच्या खात्यावर आहे, आणि त्यासाठी आधीच्या मालकाने सही केलेली डिलिव्हरी ऑर्डर लागते. एकच पिंप तिघांना विकल्याचे प्रकार झाले आहेत. ताज्या मापाचा कागद मागा, त्यात शुद्ध अल्कोहोल किती लिटर हे असतं; दर वर्षी साधारण २ टक्के उडून जातं, आणि अल्कोहोलचा जोर ४० टक्क्यांखाली गेला की त्याला स्कॉच म्हणताच येत नाही. पिंप जहाजात घालून पुण्यालाही नेता येणार नाही: स्कॉच लाकडी पिंपातून स्कॉटलंडबाहेर पाठवायला मनाई आहे आणि सिंगल माल्ट तर तिथेच बाटलीबंद करावी लागते. वर गोदामाचं भाडं, बाटलीबंदीचा खर्च, अबकारी, व्हॅट. आणि डिस्टिलरीचं नाव लेबलावर वापरायची परवानगी मिळेलच असं नाही.

आता पुणे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, त्यामुळे इथे तुमच्या संग्रहाला कायदेशीर गिऱ्हाईकच नाही. बाळगायलाही परवाना लागतो आणि किती बाळगायची याला मर्यादा आहे. गोव्याहून परवान्याविना आणलेल्या बाटलीवरसुद्धा राज्य उत्पादन शुल्क विभाग कारवाई करतो. शिवाय आपल्याकडची हवा: पावसाळ्यात लेबलांवर बुरशी, आणि कसर लागली तर कागद कुरतडून टाकते. म्हणून परतायचं नक्की झालं की आठ-दहा महिने आधी ठेवणीतल्या बाटल्या लिलावात द्यायला लागा, थोड्या थोड्या, सगळ्या एकाच महिन्यात नको. उरलेल्या बाटल्या मित्रांना बोलावून उघडा. इथे आल्यावर पॉल जॉन आणि अमृत आहेतच. गोव्याच्या आणि बंगळुरूच्या उष्णतेत पिंपातून वर्षाला ८ ते १२ टक्के उडतं, त्यामुळे पाच-सहा वर्षांतच त्या भरदार होतात.

विमानाने येताना माणशी २ लिटर शुल्कमुक्त, घरसामान हलवण्याच्या सवलतीत दारू बसत नाही. ७०० मिलीच्या दोनच बाटल्या घ्या. तिसरी घेतली की २.१ लिटर होतात आणि तुम्ही मर्यादेबाहेर जाता.