जपानमधल्या आसुका गावातले प्राचीन अवशेष आणि मंदिरं एका दिवसात कशी पाहावीत?

आसुकातली मुख्य ठिकाणं एका दिवसात पाहून होतात, पण सकाळी लवकर पोहोचा. ओसाकाच्या आबेनोबाशी स्टेशनहून किंतेत्सू रेल्वेने आसुका स्टेशन साधारण ४० ते ५० मिनिटांवर आहे. ही खासगी लाइन आहे, जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटक पास) चालत नाही. इथेच पुष्कळ जण फसतात. स्टेशनसमोर सायकल भाड्याने घ्या. बस तुरळक आहेत आणि ठिकाणं भातशेतीत विखुरलेली.

आधी ताकामात्सुझुका हे प्राचीन थडगं. १९७२ साली सापडलेली तिथली भित्तिचित्रं बुरशीमुळे थडग्यातून काढावी लागली, म्हणून शेजारच्या दालनात प्रतिकृतीच दिसतात. पुढे वाटेत कामेइशी, म्हणजे कासवासारखी कोरलेली शिळा.

सगळ्यात जास्त वेळ इशिबुताईला द्या. सातव्या शतकातलं हे थडगं सोगा नो उमाको या बलाढ्य सरदाराचं मानतात. वरची माती केव्हाच गेली, उघडे दगड उरले. आत उतरून छताकडे पाहा: मोठ्या शिळेचं वजन सुमारे ७७ टन! आसुकादेरा या बौद्ध मंदिरातली कांस्य बुद्धमूर्ती ६०९ सालची. आगीत होरपळल्यामुळे चेहऱ्यावर जोडकामाच्या रेषा स्पष्ट दिसतात. फोटो काढू देतात, जपानी मंदिरांत हे दुर्मीळच.

ओकादेरा या बौद्ध मंदिराचा चढ फार उभा आहे, सायकल खालीच लावा. शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवळात दोनदा वाका, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाका. बौद्ध मंदिरात टाळ्या नकोत, नुसते हात जोडा. तिकिटासाठी सुटे येन ठेवा. पाचच्या सुमारास बहुतेक सगळं बंद होतं, सायकलही तोवर परत द्यावी लागते.