किटचा माईक जोडताना

लातूरला बसून कंडेन्सर माईकचं किट मागवलंस, फार छान केलंस. आता फक्त घाई करू नकोस.

रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजून लाव, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची प्लस-मायनस बाजू दोनदा बघ. तिथं यापेक्षा जास्त विचार नको. माईकचा खरा जीव कॅप्सूलची (आवाज पकडणाऱ्या भागाची) तार एफईटी या ट्रान्झिस्टरच्या गेटला, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या पायाला मिळते त्या जागी आहे. तिथला रेझिस्टर बहुतेक किटमध्ये 1 गिगाओहमचा, म्हणजे 100 कोटी ओहमचा असतो. एवढ्या रोधापुढे बोटाच्या घामातून, सोल्डरिंगनंतर उरलेल्या फ्लक्सच्या पातळ थरातूनसुद्धा करंट गळतो आणि हेडफोनमध्ये चरचर ऐकू येते. लोक मग कॅप्सूलला दोष देतात, बिचारी ती चांगली असते. म्हणून सोल्डरिंग संपलं की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने बोर्ड घासून काढ, पूर्ण वाळू दे. नंतर त्या भागाला बोट लावूच नकोस.

कॅप्सूल सगळ्यात शेवटी बसव. तिचा सोन्याचा मुलामा दिलेला पडदा जेमतेम काही मायक्रॉन जाड असतो, त्यावर फुंकरही मारू नकोस. आपल्याकडे उन्हाळ्यात दारं लावली तरी धूळ घरात येतेच, तेव्हा हे काम सकाळी, वारा सुटायच्या आत आणि पंखा बंद ठेवून कर.

48 व्होल्टचा फँटम, म्हणजे माईकच्याच केबलमधून येणारा वीजपुरवठा, देताना आवाज खाली ठेव. घुंम्म असं आलं तर माईकची बॉडी एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनांच्या कनेक्टरच्या) पिन 1 ला नीट जोडली गेलीय का ते तपास. परत उघडायचा झाला तर फँटम बंद करून मिनिटभर थांब. पावसाळ्यात माईकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव.